जुनं ते सोनं आणि नवं ते भंगार? रिव्हॉल्वर पारखायचं कसं

घोडाबंदर (डॅलस)
परवा दुसऱ्या धाग्यावर जुनेजाणते लिहून गेले, "हल्लीची महागडी रिव्हॉल्वरं म्हणजे वरून पॉलिश, आत भंगार. घ्यायचं तर सत्तरच्या दशकातलं घ्या." त्यावर ढीगभर 'अगदी अगदी'. राहवलं नाही म्हणून हा वेगळा धागा.

चकाकी बघून जुनं चांगलं आणि चकाकी बघूनच नवं भंगार, ही कुठली पारख? दुकानात रिकामं आहे ना ते बघा, दुकानदाराला विचारा आणि सिलिंडरवर अंगठ्याचा हलका दाब ठेवून घोडा (मागचा हातोडा, चाप नव्हे) अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे अडकायच्या आत सिलिंडर खट्कन लॉक व्हायला हवा, सहाही घरांना (गोळ्यांच्या कप्प्यांना). एक घर मागे राहिलं तरी टायमिंग, म्हणजे घोडा आणि सिलिंडरचा मेळ, गंडलंय. मग फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) घालून नळी आणि सिलिंडरमधली फट मोजा. चार ते आठ हजारांश इंच चालते, मी सहाच्या वर घेत नाही. सिलिंडर पुढे दाबून एकदा, मागे दाबून एकदा. फरक आला तो एन्ड-शेक, म्हणजे सिलिंडरचं पुढेमागे हलणं. शेवटी मागून बघा, पुढची माशी (नेम धरायचा खुंट) सरळ उभी आहे का.

२०२० मध्ये कोल्ट कंपनीचं जुनं पायथन रिव्हॉल्वर परत आलं, स्टेनलेस, आत जुन्यापेक्षा कमी भाग, १४९९ डॉलर. यात वाईट काय ते मोजून सांगा. "तो फील नाही" हे चालणार नाही.

जुनेजाणते (ह्यूस्टन)
जुन्या पायथनचा चाप पूर्ण दाबून धरा, सिलिंडर तसूभर हलत नाही. तिजोरीच. आणि दीड हजार मोजल्यावर गेज घेऊन गिऱ्हाइकानं का फिरायचं? मागे मी एक नवं, चांगलं महागातलं घेतलं. कुणाचं ते सांगत नाही. माशी डावीकडे कललेली. परत पाठवलं, दोन महिन्यांनी आलं ते उजवीकडे कललेलं! याला तुम्ही दर्जा म्हणा.

घोडाबंदर
याला मी तपासणीची बोंब म्हणतो. नळी आवळताना जरा जास्त फिरली. पोलाद भंगार आहे हे त्यावरून कसं ठरलं?

मायक्रॉन (भोसरी)
मी रिव्हॉल्वर हातात धरलेलं नाही, पण टूलरूममध्ये केस पिकलेत. 'हाताने घासून बसवलेलं' हे कौतुक वाचलं की डोकं फिरतं. फिटर कानस घेऊन बसतो, कारण दोन भाग ड्रॉइंगबरहुकूम आलेले नसतात. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) दोन्ही मापात आले तर घासायचं काय, कपाळ?
आणि 'एमआयएम (मेटल इंजेक्शन मोल्डिंग) म्हणजे कचरा' म्हणणाऱ्यांनी एकदा काम बघावं. धातूची भुकटी बाइंडरमध्ये कालवून साच्यात दाबतात, मग भट्टीत भाग पंधरा-वीस टक्के आकसतो. ते आकसणं धरून साचा करणं ही खायची गोष्ट नाही. वाईट एमआयएम असतं, तसं वाईट फोर्जिंगही (ठोकून घडवलेलं) असतं.

हडसनकाठी (न्यू जर्सी)
मापं सोडा हो. स्मिथ अँड वेसन कंपनीच्या रिव्हॉल्वरांच्या अंगावरच्या त्या कुलपाच्या भोकाबद्दल कुणी बोलणार आहे का? मार्च २००० मध्ये कंपनीनं क्लिंटन सरकारशी बंदुकांच्या सुरक्षेचा करार केला, गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. २००१ मध्ये कुलपं बनवणाऱ्या सेफ-टी-हॅमरनं कंपनीच विकत घेतली आणि मग चावीचं भोक आलं. सुंदर फ्रेमला कायमची देवी आली.

ओहायोची काकू
घरात दोन नातवंडं आहेत. मला ते भोक हवंय.

हडसनकाठी
मग तिजोरी घ्या! झटका बसला की कुलूप आपोआप लागतं म्हणतात.

ओहायोची काकू
'म्हणतात'. तुमचं लागलंय का कधी?

हडसनकाठी
माझ्याकडे भोकाचं नाहीच, मी घेणारच नाही!

ओहायोची काकू
म्हणजे न वापरता बारा वर्षं बोंबलताय. छान. तिजोरी माझ्याकडे आहे, कुलूपही आहे. तुम्हाला शोभेची वस्तू हवी असेल तर भिंतीवर ढाल-तलवार लावा.

हडसनकाठी
काकू, भाषा सांभाळा. इथे दर हँडगनला वेगळा परवाना काढावा लागतो, पोलिसांकडे खेटे घालतो मी, शोभेसाठी नाही. आणि भोक इतकं गुणी होतं तर कंपनीनं आता काही मॉडेलं पुन्हा बिनभोकाची का काढली?

ओहायोची काकू
तुमच्यासारखे रडतात म्हणून.

घोडाबंदर
अहो, धागा टायमिंगचा आहे! भोकानं सिलिंडर ना लवकर फिरतो ना उशिरा. जुनेजाणते, तुमच्या लाडक्या पायथनची सहा घरं तपासून सांगा. ज्या घट्टपणाचं कौतुक करताय, त्यात चाप दाबलेला असताना सिलिंडर फिरवणारा पंजा त्याला रेटूनच धरतो. म्हणून तो झिजतो, आणि टायमिंग मागे पडायला लागतं. आज टिकलेली जुनी बघून सगळी जुनी तशीच होती म्हणायचं, हेही चुकीचंच. बिघडली ती कधीच खणात गेली.

मायक्रॉन
हे आमच्याकडे लेथबद्दलही चालतं. जुना लेथ कसला होता म्हणून. मेंटेनन्सला कोण मरायचं ते विसरतात.

जुनेजाणते
तपासलं. चार घरं झकास, दोन घरांत घोडा आधी अडकतो आणि सिलिंडर नंतर. झालं समाधान? वाटा पेढे. तरी विकणार नाही, आणि तुमचं ते कललेल्या माशीचं नवं तर फुकटही नको. दुरुस्त करणारा जाणकार कुणाला माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, इथला म्हातारा निवृत्त झाला.

मायक्रॉन
नवा पंजा आणून टाका की. अच्छा, घासून बसवावा लागतो होय?