मांडीतले रॉड काढले, आता सिंहगड कधी?

कोथरूडकर: भावाच्या दोन्ही मांड्यांतले रॉड नुकतेच काढले, उंची वाढवायच्या ऑपरेशनचे होते, एक्सरेत हाड नीट भरलेलं बघूनच काढले. घरात चालतो पण जिना उतरताना गुडघा दुखतो आणि लगेच सिंहगडाचं चाललंय त्याचं. किती थांबायचं?

फिजिओताई: चालायला बहुतेकांना लगेच परवानगी मिळते. पण स्क्रू होते तिथे हाडात भोकं राहतात, ती भरेपर्यंत पाय पिळला किंवा उडी मारली तर तिथूनच फ्रॅक्चर होऊ शकतं, म्हणून पळणं, फुटबॉल, गड सगळं साधारण ६ ते १२ आठवडे बंद, आणि नक्की काय ते सर्जन एक्सरे बघूनच सांगणार. रॉड गुडघ्याकडून घातला होता का खुब्याकडून? गुडघ्याकडून असेल तर तिथे काही दिवस दुखणारच, खुब्याकडून असेल तर लंगडत चालतोय का ते बघा, बाजूचे स्नायू कमजोर पडलेले असतात.

कोथरूडकर: गुडघ्याकडूनच. आणि गाडी?

पर्वतीवाला: ताई म्हणतायत ते बरोबर. गाडी डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको, ब्रेक दाबताना पाय दुखून थांबला तर काय करणार, आणि आपल्याकडचे खड्डे माहितीयेत. माझ्या बहिणीने आधी सपाटीवर चालणं, मग मांडीचे व्यायाम, मग पर्वतीच्या पायऱ्या असं केलं, खूप फायदा झाला.

फिजिओताई: एक मात्र विसरू नका, पोटरी सुजून दुखली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी दाखवा. दम लागला, छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत न्या.