कातालान मेली कधी होती, की वर्दागेरने ती जिवंत करावी?

यतिभंग : स्पेनच्या कातालोनियातल्या कातालान भाषेबद्दल दुसऱ्या धाग्यावर लिहिलंय, ‘जासिंत वर्दागेरने १८७७ साली एका महाकाव्याने मेलेली कातालान जिवंत केली.’ हे मला अजिबात पटत नाही. १७१६ च्या स्पॅनिश राजाच्या फर्मानाने ती कोर्टकचेरीतून गेली, घरातून आणि शेतातून नाही. अरिबाउ या कवीची मातृभूमीवरची कातालान कविता १८३३ ची. बार्सिलोनातली ‘जोक्स फ्लोराल्स’ ही काव्यस्पर्धा १८५९ मध्ये पुन्हा सुरू झाली. वर्दागेर आयत्या मांडवात आला.

सहा अधिक सहा : मांडवात कविता कसल्या होत्या तेही सांगा! बहुतेक छोट्या, जुन्या पोथ्यांतले शब्द उसने घेतलेल्या. वर्दागेरचं ते महाकाव्य, ‘आतलांतिदा’, दहा सर्गांचं. भाषा कातालोनियातल्या विक गावाभोवतीच्या पठारावरच्या शेतकऱ्यांची, वृत्त मुख्यतः अलेक्झांड्रिन : सहा अक्षरं, यती, सहा अक्षरं. मोजणी शेवटच्या आघातावर थांबते. ओळ ‘तेर्रा’वर (भूमी) संपली तर ‘ते’ सहावं, ‘र्रा’ हिशेबात नाही. स्पॅनिशमध्ये हीच ओळ चौदा अक्षरांची धरतात. तो हिशेब इथे लावाल तर प्रत्येक ओळ चुकलेली वाटेल. बोलीला इतका लांब दम आहे हे आधी कुणी दाखवलं होतं?

काना मात्रा : दम ठीक, पण लिहायचं कसं? ‘कासा’चं (घर) अनेकवचन ‘कासास’ की ‘कासेस’ यावरून पिढ्या भांडल्या. बार्सिलोनात आघाताविना ‘अ’ आणि ‘ए’ सारखेच ऐकू येतात, वालेन्सियातल्या बोलीत वेगळे. म्हणून व्याकरणकार पोम्पेउ फाब्राने ‘-एस’ घेतलं, ते दोन्हीकडे चालतं. १९१३ चे २४ नियम, १९१८ चं व्याकरण, १९३२ चा कोश. शाळेत, वर्तमानपत्रात भाषा टिकली ती यावर. कवींना हार घालताना व्याकरणकाराला नेहमीच दारात उभं करतात, याची चीड येते.

यतिभंग : विषय कवीचा आहे, शुद्धलेखनाचा नाही!

काना मात्रा : शुद्धलेखनाशिवाय कवी छापणार कसा? १८७८ च्या आवृत्तीत शीर्षकच ‘ला आतलांतिदा’ आहे (आजच्या नियमाने जोडून ‘लातलांतिदा’), शिवाय सोबत स्पॅनिश गद्य भाषांतर. स्वतःच्या वाचकावर एवढाच भरवसा होता?

सहा अधिक सहा : भाषांतर माद्रिदच्या वाचकासाठी होतं, ते भरवशाचंच लक्षण. तुमच्या फाब्राचं मोठेपण मान्य. पण नियम आल्यावर ‘आमिक’च्या (मित्र) जुन्या लेखनातला शेवटचा मुका ‘एच’ गेला, तरी त्या शब्दाची अक्षरं दोनच राहिली. वर्दागेरची ओळ कानावर बांधलेली आहे. नव्या वर्णलेखनातही ती सहा-सहाच भरते.

यतिभंग : ‘जिवंत केली’ ऐवजी ‘महाकाव्याला पुरेल हे दाखवलं’ असं लिहा, मग माझी हरकत नाही. ‘मेलेली’ मात्र काढाच.