रात्री दोनची पाळी: भजनी वर्ग, संस्कार वर्ग, दोतोर्न (ख्रिस्ती मुलांचा धर्मवर्ग)... यातून पोरं खरंच घडतात का?

म्हादईकाठ

गेल्या श्रावणातली गोष्ट. डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर सप्ताह असतो. नाव सप्ताह, पण चालतो चोवीस तासच. सात दिवस पुरतील एवढी माणसं आता राहिली कुठे? वास्कोच्या दामोदराचा प्रसिद्ध सप्ताहही अखंड भजनाचा, चोवीस तासांचाच. प्लेगच्या साथीत सुरू झालेला, अजून खंड नाही. आमचं आपलं छोटं.

माझा पुतण्या सोळा वर्षांचा, अकरावीत. मोबाईल हातातून सुटत नाही, जेवायला तीनदा हाक मारावी लागते. दोन वर्षं देवळातल्या भजनी वर्गाला जातो. पेटी जमली नाही, टाळ धरतो. समितीने भिंतीवर पाळ्यांचा कागद लावला होता. रात्री २ ते ४ या पाळीत चार नावं, त्यात याचं. तीनच्या सुमारास मी चहा घेऊन गेलो तर चौघांतले एक काका घरी गेलेले, एक चौकात चटईवर घोरत होते. उरले सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आणि हा. आजोबांचा आवाज बसलेला. हा एकच गजर पुन्हा पुन्हा म्हणत होता, कारण पुढचे अभंग पाठ नव्हते. आवाज चिरका झालेला, पण टाळ थांबला नव्हता. मला बघून त्याने डोळ्यांनीच समईकडे खूण केली. तेल तळाला गेलं होतं आणि दोन्ही हात अडकलेले. मी तेल घातलं. बस, एवढंच.

शाळेत आठ-दहा वर्षं मूल्यशिक्षणाचे तास झाले याचे. त्यातून हे आलं नव्हतं. म्हणून माझं मत असं की देवाधर्माच्या निमित्ताने मुलांसाठी जे चालतं, मग तो भजनी वर्ग असो, बालसंस्कार असो की ख्रिस्ती मुलांची रविवारची दोतोर्न, त्यातून माणूस घडतो. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

चिकित्सक_फोंडा

प्रसंग सुंदर. पण एका रात्रीवरून 'घडला' म्हणणं जरा घाईचं. हाच मुलगा सहामाहीला कॉपी करत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

गंमत म्हणून विचारत नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोघांनी जवळजवळ ११ हजार मुलांना तपासलं. पेपर स्वतःच तपासायला द्यायचे, खेळात स्वतःचे गुण स्वतः मांडायला सांगायचे, आणि कोण फसवतं ते गुपचूप बघायचं. एका ठिकाणी प्रामाणिक असलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी लबाडी करताना दिसलं. रविवारच्या धर्मवर्गाला नेमाने जाणं आणि प्रामाणिकपणा यांचा फारसा संबंध सापडला नाही.

दुसरा प्रयोग तर आणखी बोलका. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन यांचा तो प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनमधले ४० धर्मशास्त्राचे विद्यार्थी, म्हणजे उद्याचे पाद्री. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय बायबलमधली ती गोष्ट, वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला उचलणाऱ्या शोमरोन्याची. वाटेत खरोखरच एक माणूस कण्हत, खोकत बसवलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' म्हटलं होतं त्यांतले १० टक्के. भाषणाचा विषय कोणता यामुळे म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे प्रवचन द्यायला निघालेला प्रवचनाच्या विषयालाच ओलांडून गेला!

निवृत्त मास्तर

चिकित्सकराव, तुमचा पुरावा तुमच्यावरच उलटतो. त्या प्रयोगात हरलं ते प्रवचन. म्हादईकाठ यांचा पुतण्या प्रवचन ऐकत नव्हता, त्याच्या हातात टाळ होता. माणूस ऐकून घडत नाही, अंगावर काम पडलं की घडतो. हे धर्मवाल्यांतल्या शहाण्यांना फार आधी कळलं होतं.

डॉन बॉस्को या इटालियन पाद्र्याचंच घ्या. तुरिन शहरात १८४१ पासून त्यांनी कामाच्या शोधात आलेली रस्त्यावरची पोरं गोळा केली. आधी प्रार्थना, पण त्याबरोबर खेळ आणि मग धंद्याचं शिक्षण. पोरगा सुताराकडे शिकाऊ म्हणून ठेवताना त्यांनी मालकाशी लेखी करार केला (१८५२ चा प्रसिद्ध आहे): चुकलं तर शब्दांनी समज द्यायची, हात उचलायचा नाही, सणासुदीला सुट्टी द्यायची. श्रद्धा होती म्हणून ते मालकाच्या दारात कागद घेऊन उभे राहिले.

त्यांची मंडळी १९४६ साली पणजीत आली. साठच्या दशकात मी त्यांच्या मैदानावर फुटबॉल खेळलो. मी हिंदू, घरी सोवळंओवळं, मी परत आलो की आजी विहिरीवर आंघोळ घालायची. मला कोणी धर्म विचारला नाही. एक दिवस फादरनी चेंडूच्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. तेरा वर्षांचा होतो. घरात तोवर मला कोणी कपाटाचीही किल्ली दिली नव्हती. चार महिन्यांत एक चेंडू हरवला आणि तीन रात्री मला झोप आली नाही. नंतर पस्तीस वर्षं शिकवलं, पण वर्गात जे सांगितलं त्यातलं कुणाला काही आठवत नाही. प्रयोगशाळेची किल्ली ज्यांच्याकडे दिली ती मुलं अजून भेटायला येतात.

सासष्टीची सून

मास्तर, तुमचा फादर भला होता. सगळीकडे तसं नसतं.

माझी मुलगी आठ वर्षांची असताना एका संस्कार वर्गाला जायची. कुठला ते लिहीत नाही. स्तोत्रं पाठ झाली, उच्चार स्वच्छ झाले, मोठ्यांच्या पाया पडायला लागली. आम्ही खूश. डिसेंबरात शेजारची ख्रिस्ती बाई दरवर्षीसारखी नाताळचं ताट घेऊन आली. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका. हिने लहानपणापासून त्यांच्या स्वयंपाकघरात बसून खाल्लेलं. दार उघडलं आणि म्हणाली, 'आम्ही तुमचं खात नाही.' ती बाई दारात तशीच उभी. तिच्या ताटावरचा क्रोशाचा रुमाल मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. वर्गात कोणीतरी ताई म्हणाल्या होत्या म्हणे.

हेही घडणंच. वर्गानेच घडवलं. आज्ञाधारक झाली, शिस्तीची झाली, आणि एका दुपारी शेजार तोडायला निघाली. मग मला वर्ग तोडावा लागला.

आणि म्हादईकाठ, तुमच्या २ ते ४ च्या कागदावर मुलींची नावं किती होती?

पोदेर

सूनबाईंना दुजोरा. त्यात माझी भर: पोर कानाने शिकत नाही, डोळ्याने शिकतं. आपल्या देवळांचे महाजन (देवस्थानाचे हक्कदार सभासद) कोण, हे अजून १९३३ च्या पोर्तुगीज माझानिया (देवस्थान) कायद्याच्या चौकटीत ठरतं. ठरावीक घराणी, बापाकडून मुलाकडे. भजनाला 'सगळे आमचेच' म्हणायचं, आणि बैठकीत कोण बसतं ते पोरं बघतातच. आमच्या गावात उत्सवाला बांधकामावरच्या मजुरांची मुलं प्रसादाच्या रांगेत शेवटी असतात. अभंगात समता, रांगेत उतरंड. मनावर कोरलं जातं ते कोणतं?

किल्ली द्यायला देव लागत नाही हो. आमच्या वाड्यावरच्या फुटबॉल क्लबातही पोरांकडे किल्ली असते.

निवृत्त मास्तर

लागत नाही, मान्य. पण उतरंड मोडायलाही कधीकधी देवाचंच नाव घ्यावं लागलं. साने गुरुजी १९४७ साली पंढरपुरात उपाशी बसले ते विठ्ठल हरिजनांना खुला व्हावा म्हणून. विठ्ठल मानत नसते तर बसलेच नसते. क्लबाचं म्हणाल तर पावसाळ्यात मैदान बुडालं की क्लब बंद. भजन ऐन पावसातच.

पोदेर

मास्तर, हा शेवटचा मुद्दा हवामानाचा झाला, धर्माचा नव्हे. :)

म्हादईकाठ

दोन दिवस गप्प होतो, कारण सूनबाईंच्या प्रश्नाचं उत्तर शून्य आहे. बायकांचं भजन दुपारी असतं, दोन तास, वेगळं. रात्रीच्या कागदावर एकही नाव नाही, आणि हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षातही आलं नव्हतं. नाताळच्या ताटाचं वाचून घरी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, असं आपल्याकडे नाही होत. मग थोड्या वेळाने म्हणाली, होतं.

पुतण्याला कॉपीचं विचारलं. हसला, उत्तर दिलं नाही. चिकित्सकराव, एक गुण तुम्हाला.

पण त्या रात्री का थांबलास, हेही विचारलं. म्हणाला, 'आजोबा एकटे पडले असते.' देवाचं नाव घेतलं नाही.

चिकित्सक_फोंडा

मग झालं की! श्रद्धा नव्हे, आजोबा.

म्हादईकाठ

आणि आजोबा रात्री तीन वाजता, बसक्या आवाजाने, गुडघे दुखत असताना तिथे कशासाठी बसले होते? फुटबॉलसाठी? मुलगा आजोबांसाठी थांबला, आजोबा देवासाठी. तुम्ही साखळीची एकच कडी मोजताय.

चिकित्सक_फोंडा

हे मला लगेच खोडता येत नाही. पण झोपायला घरी गेलेले ते काकाही देवाचेच होते ना? तेही मोजा.

म्हादईकाठ

मोजले. ते समितीचे खजिनदार आहेत.

रविवारी बैठक झाली. आमच्या वर्गात बेळगावकडच्या एका गवंड्याची मुलगी येते, चौदा वर्षांची. पखवाजावर तिचा हात पुतण्यापेक्षा कितीतरी बरा. तिचं नाव सुचवलं. दोघे ज्येष्ठ कुरकुरले, मुलीची जात, रात्र, लोक काय म्हणतील. आजोबा मात्र म्हणाले, माझ्या पाळीत द्या. शेवटी पहाटे ४ ते ६ मध्ये आजोबांबरोबर तिचं नाव पेन्सिलीने लिहिलंय. कागद अजून भिंतीवर लागलेला नाही.

सासष्टीची सून

पहाटे ४ ते ६. म्हणजे देवळात बघायला कोणी नसतं तेव्हा. संध्याकाळी सातची पाळी मागा, आणि पेनने लिहा.