एकाच गॅलेक्सीची दोन अंतरं, खरं कुठलं धरायचं?

खगोलवेडा:
ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये रेडशिफ्ट (विश्व ताणल्याने प्रकाशाची तरंगलांबी किती वाढली त्याचं माप) १ टाकलं (हबल स्थिरांक, म्हणजे प्रसरणाचा दर, ७० आणि मॅटरचा वाटा ०.३) तर तेजावरून अंतर येतंय २१५५ कोटी प्रकाशवर्षं आणि आकारावरून ५३९ कोटी. जवळजवळ चौपट फरक! मग ही अंतरं जुळतात म्हणतात ती कशी काय? डोकं गरगरलंय.

पोहेप्रेमी:
अहो चौपट आलं हेच तर जुळणं. एदरिंग्टन नावाच्या गणितज्ञाने १९३३ लाच दाखवलंय, रेडशिफ्टमध्ये १ मिळवा आणि वर्ग करा, तेवढ्या पटीचा फरक असायलाच हवा. विश्व ताणल्यामुळे प्रत्येक फोटॉनची ऊर्जा निम्मी होते, वर ते पोचतातही निम्म्याच दराने, त्यामुळे वस्तू आहे त्याहून लांब वाटते. आकाराचं उलटं, प्रकाश निघाला तेव्हा ती जवळ होती आणि कोन तेव्हाचाच दिसतो.

खगोलवेडा:
मग हे नुसतं गणितच झालं की, तपासायचं काय त्यात?

रात्रपाळी:
फोटॉन वाटेत हरवले नाहीत तरच ते गणित चालतं ना. १९९८ ला लांबचे सुपरनोव्हा (फुटणारे तारे, ज्यांचं मूळ तेज ठाऊक असतं) अपेक्षेपेक्षा अंधुक निघाले, तेव्हा काहींना वाटलं की प्रसरणाचा वेग वगैरे काही वाढत नाहीये, मधे करडी धूळ असेल. ती सगळे रंग सारखेच खाते, लाली येत नाही, मग पकडणार कशी? तर तेजाचं अंतर सुपरनोव्हावरून काढायचं आणि आकाराचं बीएओवरून, म्हणजे गॅलेक्सींच्या मांडणीत जी साधारण ४९ कोटी प्रकाशवर्षांची फूटपट्टी दिसते ना, तिच्या कोनावरून. धुळीने सुपरनोव्हा मंद होईल, कोनाला काय फरक पडतोय. आतापर्यंत तरी दोन्ही एरर बारच्या (मापातल्या अनिश्चिततेच्या) आत जुळतात. मेख एवढीच की दोन्ही मापं नेमक्या एकाच रेडशिफ्टला मिळत नाहीत, आजूबाजूचे सुपरनोव्हा घेऊन मधली किंमत काढावी लागते आणि माझ्या मते खरी मारामारी तिथेच आहे.

पोहेप्रेमी:
आणि हबल स्थिरांक ७३ की ६७ ते भांडण? त्याने नाही का बिघडत?

रात्रपाळी:
ते कॅलिब्रेशनचं, म्हणजे माप कशावरून बसवलं त्याचं. सुपरनोव्हा सेफीडवर (अंतर मोजायला वापरतात त्या तेज बदलणाऱ्या ताऱ्यांवर) बसवले आणि बीएओची पट्टी प्लँक उपग्रहाच्या मापांवरून घेतली तर सगळीकडे सारखीच ८-९ टक्क्यांची तफावत येते. फोटॉन गळत असते तर ती रेडशिफ्टबरोबर वाढत गेली असती.

खगोलवेडा:
आत्ता पेटली ट्यूब! रेडशिफ्ट ३ टाकून बघितलं, १६ पट आलं.