मदत हवी आहे: लांडग्याचा फटका ४०० ऐवजी ६७६. बग म्हणायचा की मेकॅनिक (गेमचा मुद्दाम ठेवलेला नियम)?

मंडळी, एमएमओ (एकाच जगात हजारो जण मिळून खेळतात तो ऑनलाइन गेम) खेळणारं कोणी असेल तर जरा इकडे बघा. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हा बग निघाला तर चारचौघांत त्याची शिकवणी घेतल्यासारखं व्हायचं.

माझा क्लास (पात्राचा प्रकार) लांडगा पाळणारा. टूलटिपवर (गेममधल्या माहितीच्या चौकटीत) एवढंच आहे की लांडग्याला मालकाच्या ताकदीच्या ६० टक्के ताकद मिळते. कधीची ताकद? बोलावताना असेल ती, की दर फटक्याला नव्याने मोजतात? काही पत्ता नाही.

म्हणून डमीवर (सरावाच्या पुतळ्यावर) मारून बघितलं. क्रिट (अधूनमधून बसणारा जादा जोराचा फटका) सोडून लांडग्याचा साधा फटका ४००. माझी एक ॲबिलिटी आहे, २० सेकंद ताकद ३० टक्क्यांनी वाढवते. लांडगा आधीच बाहेर असताना ती वापरली तर फटका ४००च. आधी ती वापरून मग लांडगा बोलावला तर ५२०, आणि बफ (ही तात्पुरती वाढ) संपून गेला तरी ५२०च! म्हणजे बोलावतानाची ताकद त्याला कायमची चिकटते. टूलटिप लिहिणाऱ्याने आणखी दोन शब्द खर्च केले असते तर काय बिघडलं असतं, पण असो.

खरी भानगड घोड्यापाशी आहे. घोड्यावर बसलं की लांडगा गायब होतो, उतरलं की आपोआप येतो. ५२०वाला लांडगा घेऊन बसले आणि बफ संपल्यावर उतरले, तर कधी ४०० मिळतात, कधी ५२०. उतरताना बफ पुन्हा चालू असला तर कधी ५२०, कधी थेट ६७६. ५२० गुणिले १.३ म्हणजे बरोब्बर ६७६, त्यामुळे जुन्या वाढीवर नवी वाढ चढतेय हे उघड आहे. पण दर वेळी का नाही?

हे माझ्याच लक्षात यायला कारण आमची रेड (बरेच जण मिळून मोठ्या बॉसशी लढतो ती मोहीम). सिंगापूरच्या नऊला, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला सुरू होते. आमचा हीलर (बाकीच्यांच्या जखमा भरणारा) त्या वेळी हिंजवडीहून निघून वाकडच्या पुलाखाली अडकलेला असतो आणि 'पाच मिनिटं' असा मेसेज टाकतो. ती पाच मिनिटं म्हणजे घोड्यावरून भटकायला अर्धा तास. परवा मीटरवर (कोणी किती नुकसान केलं ते दाखवणाऱ्या यादीत) माझा लांडगा सगळ्यांच्या वर दिसला आणि गिल्ड लीडरने (आमच्या गटाच्या म्होरक्याने) सरळ विचारलं, काय चालवलंयस?

सपोर्टला तिकीट टाकलं तर उत्तर आलं, गेम पुन्हा इन्स्टॉल करा. केला. काडीचा फरक नाही. सिंहगड रोडवरून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) ८० मिलिसेकंदांच्या आसपास असतो, तो नडतोय का? आणि मुख्य म्हणजे, हे वापरलं तर एक्स्प्लॉइट (बगचा गैरफायदा) म्हणून बॅन बसेल का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
पिंगचा काही संबंध नाही. पिंगने फटका उशिरा दिसेल, मोठा होणार नाही. आकडा सर्व्हरवर ठरतो.

५२०च्या प्रकाराला, म्हणजे त्या क्षणीची ताकद चिकटून राहण्याला, स्नॅपशॉट म्हणतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये डॉट (एकदा लावला की थोड्या थोड्या वेळाने नुकसान करत राहणारा मारा) असेच चालायचे, २०१४मध्ये त्याचं वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर हे एक्स्पान्शन आलं तेव्हा ते काढून टाकलं. फायनल फँटसी १४मध्ये डॉट अजून तसेच चालतात आणि बफ असताना डॉट लावणं तिथे चांगल्या खेळाडूचं लक्षण मानतात. त्यामुळे ५२०चं टेन्शन घेऊ नकोस.

६७६ मात्र मला बगच वाटतो. प्राणी आत जाताना त्याची अवस्था गोठवून ठेवायची आणि बाहेर येताना तशीच परत द्यायची, इथे भले भले घसरलेत. सप्टेंबर २००५मध्ये वॉरक्राफ्टमध्ये हक्कार नावाच्या बॉसचा रोग हंटर या क्लासच्या पाळीव प्राण्यांना लागायचा. प्राणी परत पाठवला की रोग त्याच्या अंगावर तसाच राहायचा, आणि शहरात बोलावला की आजूबाजूचे पटापट मरायला लागायचे. पुढे साथरोगाच्या अभ्यासकांनी त्यावर लेखही लिहिले.

एक करून बघ. एकदा बसलीस तिथेच जवळपास उतर, एकदा नकाशा ओलांडून उतर. नकाशा बदलला की लांडगा नव्याने बनत असणार.

मूळ लेखिका:
दादा, अगदी तेच निघालं! वेशीतून शहरात गेले की बफ नसताना ४००, असताना ५२०. कुरणातल्या कुरणात उतरले की बफ नसताना ५२०, असताना ६७६. एकदाही चुकलं नाही. लांडगा हाताने परत पाठवून बोलावला तरी हिशेब सरळ होतो, त्यामुळे रेडमध्ये आता तसंच करेन. व्हिडिओ काढून तिकिटाला जोडलाय.

गिल्ड लीडर म्हणतोय, दुरुस्त व्हायच्या आत रविवारचा बॉस ६७६ने उरकून घेऊ. मी नाही म्हटलंय.

अस्वल किंवा ससाणा पाळणाऱ्या क्लासचं कोणी इथे असेल तर एकाच नकाशात घोड्यावरून उतरून तुमचे आकडे टाका. फक्त लांडग्यापुरतं आहे की सगळ्याच प्राण्यांना लागू आहे, तेवढं तिकिटात लिहायचं राहिलंय.