एकच खोली, तीन साइटवर तीन हिशेब. ताळमेळ कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी,

दापोलीजवळ मुरूडला आमच्या घराच्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. तिथलं सगळं आई-बाबा बघतात, ऑनलाइनची भानगड पुण्यातून मी. घर तीन बुकिंग साइटवर टाकलंय, शिवाय फोन करून थेट येणारे जुने पाहुणे आहेतच.

एसी खोलीचे हातात 2,500 पडले की आम्हाला पुरे (जेवण वेगळं, मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात). पहिली साइट आमच्याकडून 3 टक्केच घेते, पण पाहुण्याच्या बिलात साधारण 14 टक्के स्वतःचं शुल्क चढवते. दुसरी आमच्याकडूनच 15 कापते. तिसरी 22, आणि वर ‘सेलमध्ये या’ म्हणून सारखी मागे. मी तिन्हीकडे 2,900 टाकलेत. हातात येतात 2,813, 2,465 आणि 2,262!

गेल्या शनिवारी पहिल्या साइटवरून आलेल्या एका गृहस्थांनी ओटीवर बसल्या बसल्या आईसमोर मोबाइल धरला. "काकू, तुमचीच खोली इथे चारशेने स्वस्त दिसतेय." आईने मुकाट्याने चारशे परत दिले, वर सोलकढी पाजली.

तर सारखं काय ठेवायचं, पाहुण्याला दिसणारा आकडा की आपल्या हातात पडणारा? फोनवाल्यांना कमी दर दिला तर साइटवाले हरकत घेतात का? आणि कॅलेंडर जोडलंय खरं, पण त्यातून फक्त तारखा जातात, दर नाही. मे महिन्याचे दर तीन ठिकाणी हाताने बदलतो. चार खोल्यांसाठी चॅनल मॅनेजर (सगळ्या साइटवरचे दर-तारखा एकदम बदलणारं सॉफ्टवेअर) परवडेल का?

प्रतिसाद (तारकर्लीहून):

कमिशन वर चढवू नका, उलटं भागा. दुसरीकडे 2,500 भागिले 0.85, म्हणजे 2,941. पहिलीकडे 2,577 टाका, 14 टक्के धरून पाहुण्याला 2,938 दिसतील. झाले की दोन सारखे! घोळ फक्त तिसऱ्या साइटचा आहे, तिथे 3,205 लावावे लागतील. मी अशा ठिकाणी दर न चढवता एकच खोली ठेवतो, तीही सोमवार ते गुरुवार. रिकामी राहण्यापेक्षा हातात 2,300 बरे. सेलला सरळ नाही म्हणा.

थेट दराचं म्हणाल तर करारातलं ‘रेट पॅरिटी’चं (साइटपेक्षा कमी दर दुसरीकडे न देण्याचं) कलम वाचा. ऑक्टोबर 2022 मध्ये स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटींचा दंड केला, त्याच्या कारणांत ही अटही होती. तरी स्वस्त दर मी कुठे जाहीर लिहीत नाही. जुन्या पाहुण्याला फोनवर सांगतो, नाहीतर घावन-चटणीचा नाश्ता आमच्याकडून.

चॅनल मॅनेजर चार खोल्यांना नको. मे आणि 31 डिसेंबरचे दर पावसाळ्यातच भरून टाका, तेव्हा हाताला वेळ असतो. आणि पैसे परत देण्याआधी तुम्हाला एक फोन करायला आईंना सांगा.