मदत हवी आहे: घरची हळद आतून वाळतच नाही

कुंड्यांमधली हळद नऊ महिन्यांनी, पाला पूर्ण वाळल्यावर काढली. ओली 2 किलो भरली. जेठे गड्डे (ज्यांना हळकुंडं फुटतात ते मधले मोठे कंद) बाजूला ठेवून फक्त हळकुंडं 45 मिनिटं उकडली. काडी सहज आत गेली तेव्हाच उतरवली. 12 दिवस कडक ऊन दिलं, रात्री घरात घेत होते. बारीक हळकुंडं खट्‌कन मोडतात, आतला केशरी रंग तर बघत राहावा असा! जाड मात्र नुसती वाकतात, चिरली की मधे काळपट, चिकट गाभा. एकावर पांढरी बुरशी दिसली, ते लगेच टाकलं. ओव्हन नाही, दळायला मिक्सरच आहे. इतकी जपलेली हळद वाया घालवायची नाही. उरलेली जाड हळकुंडं आता चकत्या करून थेट उन्हात घालू, की आधी पुन्हा उकडावी लागतील?